जावईबापूंचा दिव्यांचा बोर्ड

ह्या गोष्टीतले गृहस्थ कचेरीत साहेब होते, घरात 'अहो' होते आणि जावईपण त्यांनी आजवर फक्त सुट्टीपुरतं केलं होतं. पण सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, हॉस्पिटलातून त्यांना थेट ह्याच घरी आणलं, आणि त्या दिवसापासून गृहस्थ पूर्णवेळ जावई झाले. सासूबाई त्यांना 'जावईबापू' म्हणत. राग जितका जास्त, तितका त्यातला 'बापू' लांबे.

सासूबाईंची जीभ वाचली होती. पाय हळूहळू ऐकायला लागले होते. पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राही, जणू दुसऱ्या कोणाचा तरी विसरून राहिलेला. व्यायामासाठी त्यांना मऊ चेंडू दिला होता. "हा पिळून काय निघणार आहे?" असं म्हणून त्यांनी तो खाटेखाली सोडून दिला. मग कपड्यांचे चिमटे आले. ते एकेक करून दोरीला लावायचे. "कपडे नाहीत आणि चिमटे कशाला?" संपला विषय. ह्या बाई आयुष्यभर पत्त्यांत, कॅरममध्ये आणि वादात कधी हरल्या नव्हत्या. चेंडू आणि चिमट्यांची काय कथा!

हाताचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या थेरपिस्टबाई वयानं लहान, पण बोलण्यात हेडमास्तरीण. त्या दिवशी जाताना दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "हात बरा व्हायला तयार आहे. आजी तयार नाहीत. वापरलाच नाही ना, तर मेंदू त्या हाताचा नाद सोडून देतो. पुढच्या शनिवारी मी नीट तपासणार आहे. तेव्हाही असंच असेल तर घरी ठेवून उपयोग नाही, असं मला सांगावं लागेल."

हे ऐकायला आणखी एक माणूस टपलेला होता. बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, दुसऱ्या गावी राहत. त्यांनी तिकडे एक पुनर्वसन केंद्र पाहून ठेवलं होतं. फोनवर ते म्हणाले, "तिथं चार माणसं तिला उठवतील, बसवतील, करून घेतील. तुमच्यानं नाही होत, माझ्याही घरी नाही होणार. त्या शनिवारी येतो, बाईंचं मत ऐकतो आणि आईला घेऊनच जातो."

दादा वाईट नव्हते. ते घाबरलेले होते, आणि घाबरलेली माणसं फार व्यवस्थित बोलतात.

फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. सासूबाईंनी खाटेवरून सगळं ऐकलं होतं. "मला काय," त्या म्हणाल्या, "कुठंही नेऊन ठेवा. भिंतीकडेच बघायचं तर इकडची काय नि तिकडची काय." हे त्या भांडणाच्या सुरात म्हणाल्या असत्या तर कोणाला काही वाटलं नसतं. पण त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. ओटा पुसणारा हात थांबला.

आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच जावईबापूंनी केलं: झेपणार नाही असं काम अंगावर घेतलं.

थेरपिस्टबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की मोठ्या हॉस्पिटलांत दिव्यांचा एक बोर्ड असतो. दिवा लागला की त्याच्या शेजारचं बटण दाबायचं, मग दुसरा लागतो. माणूस खेळात रंगतो आणि व्यायाम केव्हा झाला ते त्याला कळतही नाही.

"तो बोर्ड मी घरी करतो," जावईबापूंनी जाहीर केलं. "त्यात आहे काय? एक बारकासा कॉम्प्युटर, थोडे दिवे, थोडी बटणं. मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स."

हे फिजिक्स लग्नाच्या बोलणीपासून घरात होतं. नोकरी मात्र विमा कंपनीच्या दावे विभागात. लोकांच्या जळालेल्या, बुडालेल्या, फुटलेल्या वस्तूंच्या अर्जांवर 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असा शेरा मारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. फिजिक्स तसंच कोरं राहिलं होतं.

"अहो, तुम्ही दाराची बेल बसवली होती, आठवतं ना?" बायको म्हणाली.

"वाजत होती ना?"

"वाजत होती. थांबत नव्हती."

जावईबापूंनी कागद-पेन्सिल काढून सामानाची यादी करायला घेतली. मोठ्या कामाच्या आरंभी माणसानं मन कलुषित होऊ देऊ नये.

कॉम्प्युटर परदेशातून मागवला, कारण इथल्या दुकानात तो 'येणार आहे' असं कळलं, आणि 'येणार आहे' ह्या शब्दांचा अर्थ त्यांना कचेरीतल्या अनुभवानं ठाऊक होता. पार्सल विमानानं लगेच आलं, पण घरी नाही. ते कस्टमच्या कचेरीत अडकलं. जावईबापू रजा टाकून तिथं गेले. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं पुडकं तळहातावर झेललं.

"काय आहे ह्यात?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर?" अधिकाऱ्यानं पुडकं कानाशी धरून हलवलं. "स्क्रीन?"

"नाही."

"कीबोर्ड?"

"नाही."

"निदान डबा तरी?"

"तो वेगळा घ्यावा लागतो."

"म्हणजे कॉम्प्युटरमधलं काहीही नसलेला कॉम्प्युटर." अधिकाऱ्यानं पुडकं खाली ठेवलं. "वायरलेस आहे का?"

इथं 'कल्पना नाही' म्हणायचं असतं. पण जावईबापूंचं फिजिक्स उफाळून आलं आणि ते अभिमानानं म्हणाले, "आहे तर!"

"मग आमच्याकडे नाही. वायरलेसवाले वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावरचे अधिकारी चष्मा कपाळावर चढवून पुडक्यावरचं चित्र बघत राहिले. "हे वायरलेस म्हणता, आणि इथं तर वायरी लावायला भोकंच भोकं दिसतायत."

"दोन्ही आहे त्यात."

"दोन्ही कसं असेल? एक काहीतरी सांगा, तसा शिक्का मारता येईल."

आजवर लोकांचे कागद 'अपूर्ण' म्हणून परत करणारे जावईबापू आज खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. शनिवार जवळ येत होता. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, "हवंय कशासाठी तुम्हाला हे?"

"सासूबाईंसाठी."

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. "सासूबाईंना कॉम्प्युटर?"

"खेळायला. राहायला आल्यात आमच्याकडे."

अधिकाऱ्यांनी शिक्का उचलला आणि सणसणीत मारला. पुडकं हातात देताना हलकेच म्हणाले, "माझ्याही आहेत घरी. उपयोग झाला तर मलाही कळवा."

घरी पुडकं उघडलं तेव्हा आतून पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पट्टी निघाली. बायको म्हणाली, "एवढासाच?" सासूबाई म्हणाल्या, "बापूंच्या मानानं ठीक आहे." कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा होता. टीव्हीची तार जाड आणि कॉम्प्युटरचं भोक बारीक. पुन्हा चप्पल घालून बाजारात. बारीक तोंडाची तार मिळाली, जोडली, वीज दिली. पट्टीवर तांबडा दिवा लागला. टीव्ही काळाच्या काळा.

सोबतच्या पत्रकात म्हटलं होतं की तांबडा दिवा म्हणजे वीज पोचली, आणि हिरवा लुकलुकला म्हणजे कॉम्प्युटर विचार करतोय. हिरवा लुकलुकत नव्हता.

"तुमचा विद्यार्थी विचार करत नाही वाटतं," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. त्या दिवशी त्या भिंतीऐवजी इकडे तोंड करून झोपल्या होत्या. हे बायकोच्या लक्षात आलं, जावईबापूंच्या आलं नाही. ते टीव्हीला मागून थापट्या मारत होते.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले काका आले. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे अशी त्यांची ठाम समजूत. फ्रिज गळो, लिफ्ट अडको, स्वतःचा गुडघा दुखो, काका म्हणत, "अर्थिंग बघा." बिल्डिंगमध्ये त्यांना मागे सगळे अर्थिंगकाकाच म्हणत. काकांनी हिरव्या पट्टीभोवती एक चक्कर मारली.

"अर्थिंग बघा," ते म्हणाले.

"काका, हे पाच व्होल्टवर चालतं. ह्याला अर्थिंग लागत नाही," जावईबापू म्हणाले. "मी फिजिक्सचा आहे."

"फिजिक्सलाही लागतं," काका म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

दोष अर्थिंगचा नव्हता. कॉम्प्युटरला डोकं म्हणून जे बारकं मेमरी कार्ड लावायचं असतं ते जावईबापूंनी कोरंच लावलं होतं. त्यावर आधी सगळी यंत्रणा उतरवून घ्यायची असते. बायकोच्या लॅपटॉपवरून ती उतरवली. हिरवा दिवा लुकलुकला, टीव्हीवर पांढरी अक्षरं भराभर धावली. मग अक्षरं थांबली आणि पासवर्ड मागितला गेला. जावईबापूंनी घरातला जुना कीबोर्ड जोडून तो टाइप केला. पडद्यावर काही उमटेना. जोरात टाइप केला. तरी नाही. कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटांचा चुरा पडला, अक्षर एकही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतला कीबोर्ड पिशवीत लपवून आणला. एवढ्या वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा पहिला गैरव्यवहार, आणि वॉचमननं पिशवीकडे पाहिलं तेव्हा त्यांना ठसकाच लागला. घरी येऊन तो जोडला. पडदा तसाच कोरा.

बायको कणीक मळता मळता आली, टीव्हीकडे बघितलं. "पासवर्ड आहे ना तो?"

"हो!"

"मग तो दिसेल कसा? दिसला तर पासवर्ड कसला? टाइप करा आणि एंटर दाबून बघा."

कॉम्प्युटर उघडला. जावईबापू बराच वेळ कीबोर्ड पुसत राहिले.

आता बोर्ड. सुतार म्हणाला, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात सासूबाईच इथं नसणार होत्या. जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जोड्यांच्या कपाटाचं दार काढलं. दार आडवं धरलं की चांगलं लांबरुंद; दोन्ही हात पसरल्याशिवाय दोन्ही टोकांना पोचता येत नाही. त्याला एका ओळीत भोकं पाडली, व्हिडिओ गेमच्या दुकानात असतात तशी मोठी, गोल, फुगीर बटणं बसवली, प्रत्येक बटणाभोवती रंगीत दिव्यांची पट्टी गोल वळवून चिकटवली. मागून तारांचं असं जंगल झालं की बायको म्हणाली, "ह्यात हात घालताना मला सांगून घाला." जोडे तेव्हापासून उघड्यावर आले. घरात सगळ्यांचं लक्ष कॅलेंडरकडे होतं.

खेळाचा प्रोग्राम त्यांनी कुठल्याशा परक्या माणसानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेला होता, तोच घेतला. "ह्याला उचलणं म्हणत नाहीत," त्यांनी बायकोला समजावलं, "ह्याला ज्ञानाची देवाणघेवाण म्हणतात." त्यातली देवाण त्यांच्या बाजूनं बाकी होती.

बटण दाबून सुरू केलं आणि घर पेटल्यासारखं झालं. एकेक दिवा लागायच्या ऐवजी सगळेच्या सगळे लागले. तांबडे, निळे, जांभळे, वेड्यासारखे थरथरत, उड्या मारत. पडद्यांवर, छतावर, सासूबाईंच्या पांघरुणावर निळ्या-तांबड्या लाटा. खाली रस्त्यावर एक गाडी घाईघाईनं बाजूला झाली. चालवणाऱ्याला मागून ॲम्ब्युलन्स आली असं वाटलं असावं. बेल वाजली. दारात अर्थिंगकाका, आणि ह्या खेपेला सेक्रेटरीच्या चेहऱ्यानं.

"लोक विचारतायत, तुमच्याकडे पोलीस आलेत का?"

"काका, खेळ आहे हो. सासूबाईंसाठी."

"त्यांना हा त्रास कशाला? सोसायटीच्या नियमात रोषणाईला परवानगी लागते." मग नाक वर करून त्यांनी दिव्यांकडे बघितलं. "शिवाय अर्थिंग नाहीये."

जावईबापूंनी दार जरा जास्तच हळू लावलं. अपमान गिळायची त्यांची तीच पद्धत होती. मग त्यांनी इंटरनेटवर दिवे थरथरण्याचं कारण शोधलं. सगळीकडे एकच उत्तर: दिव्यांना एका ठिकाणाहून वीज आणि कॉम्प्युटरला दुसऱ्या ठिकाणाहून, असं असेल तर दोघांची काळी तार एकत्र जोडा. त्या काळ्या तारेला इंग्रजीत 'ग्राउंड' म्हणतात, म्हणजे साधी जमीन. म्हणजे अर्थ. म्हणजे जवळजवळ... जावईबापूंनी लॅपटॉप मिटला. तार जोडली. दिवे शहाण्यासारखे शांत झाले. काकांना हे कधीही कळता कामा नये, असं त्यांनी बायकोकडून वचन घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला खेळ नीट चालला. जावईबापू स्वतः खेळून बघत होते. दिवा इकडे लागला की त्यांचा हात तिकडे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिव्यालाच 'टूं' असा रडका आवाज येऊन डाव संपे. सासूबाई मान उंचावून बघत होत्या.

"एवढं हळू?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही खेळून बघा ना, आई."

"उद्या बघू." आणि त्यांनी डोळे मिटले. उजवा हात पांघरुणावर तसाच.

शनिवारी सकाळी बायकोला इस्त्रीसाठी प्लग हवा होता. जावईबापूंनी कॉम्प्युटरचा प्लग खेचून काढला आणि तिला मोकळा करून दिला. कॉम्प्युटरला आधी सांगून, त्याची आवराआवर झाल्यावरच वीज काढायची असते, हे पत्रकाच्या मागच्या पानावर होतं. जावईबापू पुढच्या पानावर समाधानी होते. इस्त्री झाली, प्लग परत लावला. तांबडा दिवा लागला. हिरवा लागला नाही.

कार्ड बिघडलं होतं. कार्डावरचं सगळं गेलं.

थेरपिस्टबाई दुपारी जेवणानंतर येणार होत्या. जावईबापूंनी लॅपटॉप ओढला, कार्ड पुसून त्यावर यंत्रणा पुन्हा उतरवायला लावली. पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. ती अर्ध्यावरही नव्हती तोवर बेल वाजली. दादा. ठरल्यापेक्षा लवकर, हातात केंद्राचं रंगीत माहितीपत्रक, बाहेर गाडी.

दादा आईच्या खाटेशी बसले. "आई, बघ, बाग पण आहे तिथं."

"मी काय फुलं खुडू?" सासूबाई म्हणाल्या. "एका हातानं?"

दादांनी माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर येऊन जावईबापूंच्या शेजारी बसले. "अहो, हे काय करताय तुम्ही?"

"बोर्ड. आईंसाठी. चालत होता काल."

"काल," दादा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मलाही तिला न्यायला आवडत नाही हो. पण ती अशी पडून राहिलेली बघवत नाही. कोणीतरी काहीतरी करायला हवं ना?"

"हेच करतोय," जावईबापू म्हणाले. निळी रेघ थांबली होती. दोघं जण ती सरकायची वाट बघत एकमेकांना चिकटून बसले. ती सरकली तेव्हा दादांनीच सुटकेचा श्वास सोडला.

थेरपिस्टबाई आल्या तेव्हा जावईबापूंनी नुकतीच शेवटची ओळ टाइप केली होती. बोर्ड जेवणाच्या टेबलावर उभा केला होता, मागून स्टुलाचा टेकू. सासूबाईंना खुर्चीत बसवून समोर आणलं. अर्थिंगकाकाही आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण सेक्रेटरीला निमंत्रण लागत नाही. जावईबापूंनी प्लग लावला. हिरवा दिवा लुकलुकला. एक गोड आवाज आला आणि मधल्या बटणाभोवती पिवळं वर्तुळ लागलं.

सासूबाईंनी पटकन हात टाकला. दिवा विझला, शेजारचा लागला. त्यावर हात. मग तिसरा, चौथा, इकडचा, तिकडचा. जावईबापूंना काल जे जमलं नव्हतं ते सासूबाई लीलया करत होत्या. डोळे चमकत होते, ओठ घट्ट मिटलेले. दादा टाळी वाजवणार इतक्यात थांबले.

सासूबाई डाव्या हातानं खेळत होत्या. उजवा मांडीवरच होता.

जावईबापू आधी त्या हाताकडे, मग बटणांकडे बघत राहिले. कुठल्या हातानं दाबलं हे बटणाला कुठून कळणार? हा साधा प्रश्न फिजिक्सला पडला नाही, कणीक मळणाऱ्या बायकोलाही पडला नाही. एवढी दगदग, जोड्यांचं दार, कचेरीतला कीबोर्ड, आणि आपण सासूबाईंच्या चांगल्या हाताला व्यायाम दिला!

तेवढ्यात वेगळाच आवाज झाला आणि बोर्डाच्या दोन्ही टोकांचे दिवे एकदम लागले. जावईबापूंनी हे कधी पाहिलंच नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या परक्या माणसानं खेळाची दुसरी पायरी ठेवली होती, आणि ती पाहण्याइतके गुण जावईबापूंना कधी मिळालेच नव्हते. सासूबाईंनी डावीकडचं बटण दाबलं, मग झुकून त्याच हातानं उजवीकडचं दाबायला गेल्या. दोन्ही एकाच वेळी दाबायची होती. 'टूं.' डाव संपला.

दादांनी तोंड खिडकीकडे वळवलं. थेरपिस्टबाईंनी आपली पिशवी उचलली.

"मशीनचा दोष नाही," अर्थिंगकाका पुढे होत म्हणाले. "मी दाखवतो." त्यांनी खेळ लावला, धडाधड बटणं दाबत टोकाचे दोन दिवे लागेपर्यंत पोचले, दोन्ही हात पसरले आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. गोड आवाज आला. काका सासूबाईंकडे वळले. "त्यात काय ताई, सोपं आहे. दोन हातांनी दाबायचं."

बायकोनं काकांकडे असं पाहिलं की त्यांचं अर्थिंग जाग्यावर आलं. सासूबाईंचा चेहरा तांबडा झाला. कितीतरी आठवड्यांनी त्या चेहऱ्यावर रक्त दिसलं.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

"आई, दमली असशील," दादा म्हणाले.

"जावईबापूऽ, पुन्हा लावा!"

खेळ सुरू झाला. काही दिवे झाले आणि सगळा बोर्ड विझला. जावईबापू टेबलाच्या मागे धावले, गुडघ्यांवर बसले, तारांच्या जंगलात बघितलं. कॉम्प्युटरकडून दिव्यांकडे जाणारी हिरवी तार टोकाशी सुटून लोंबत होती. त्यांनी ती दोन बोटांत पकडून जागेवर दाबून धरली. दिवे लागले. सोडली, विझले. पुन्हा धरली.

"चालतंय!" ते पलीकडून ओरडले. "खेळा तुम्ही!"

"कोणी बोलू नका," थेरपिस्टबाईंचा आवाज आला. "आणि कोणी मदत करू नका."

जावईबापूंना पलीकडचं काही दिसत नव्हतं. समोर फक्त बटणांच्या पाठी, प्रत्येकीला बटण दाबलं की आत जाणारी एक छोटी पांढरी दांडी, आणि भोकांच्या कडांतून झिरपणारा उजेड. इकडे उजेड, टक्, तिकडे उजेड, टक्. गुडघ्याखाली काहीतरी टोचत होतं. हात भरून आला. मग तो वेगळा आवाज आला, आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून एकदम पिवळा उजेड आला.

एका टोकाची दांडी टक्कन आत गेली आणि आतच राहिली. तिथं सासूबाईंचा डावा हात होता. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पलीकडे कपड्यांची सळसळ झाली. कोणीतरी श्वास रोखला. टेबलावर काहीतरी जड वस्तू हळूहळू ओढत नेल्यासारखा आवाज यायला लागला, थांबला, पुन्हा यायला लागला. जावईबापू त्या दुसऱ्या दांडीकडे टक लावून बघत होते. डोळ्यांत घाम उतरला तरी पुसायचं भान नव्हतं.

दांडी हलली. जराशी आत गेली, बाहेर आली. पुन्हा जराशी आत. मग अगदी सावकाश, पूर्ण.

टक्.

गोड आवाज वाजला. त्यापाठोपाठ बायकोच्या तोंडून हुंदका की हसू ते कळलं नाही. दादा "आई..." म्हणाले.

"गप्प बस, दिवा लागलाय," सासूबाई म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या.

पुढचा डाव त्या लगेचच हरल्या. थेरपिस्टबाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेऊन बोटं एकेक करून पाहिली आणि दादांकडे वळून सांगितलं, "महिनाभर तरी ह्यांना कुठंही हलवायचं नाही. इथंच राहू द्या. आणि हा बोर्डही." दादांनी मान हलवली. मग ते खाली बसून आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून राहिले, आणि सासूबाई त्यांना, "बाजूला हो, मला बोर्ड दिसत नाही," म्हणाल्या.

"अहो, बाहेर या ना," बायको ओल्या आवाजात म्हणाली. "बघा तरी, आईनं काय केलं!"

"येता येत नाही," टेबलामागून आवाज आला. "तार सोडली तर बंद पडेल."

"मग सोडू नका," सासूबाई म्हणाल्या. "काका, तुम्ही खुर्ची घ्या. आता एक तुमचा डाव, एक माझा."

काका हौसेनं बसले. जावईबापूंचा एक पाय केव्हाच बधिर झाला होता; दुसऱ्याला मुंग्या येत होत्या. तार पक्की करायला सोल्डरिंग करावं लागणार होतं, आणि ते त्यांना येत नव्हतं. पण ते सोमवारी बघू. पलीकडे काकांचा डाव 'टूं' करून संपला आणि कोणीतरी खुदकन हसलं. मग भोकांतून पुन्हा उजेड झिरपला, आणि टेबलावरून ते जड ओढणं पुन्हा ऐकू आलं, ह्या खेपेला जरा घाईनं.